चुलत दिरांना समन्स पोचलं

बाळांनो, शेताच्या वाटेसाठी मी दावा लावला, एवढंच तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. तो दावा एका समन्सपायी बुडता बुडता कसा वाचला, ते आज लिहिते.

गडमुडशिंगीच्या आपल्या शेताकडे जाणारी गाडीवाट तुमच्या आजोबांच्या चुलतभावाने दगड टाकून बंद केली. ऊस तोडणीला आलेला, आणि ट्रॅक्टर आत न्यायला दुसरी वाट नाही. कोर्ट म्हणालं, समोरच्याला कळवल्याशिवाय हुकूम देता येणार नाही. ते मला पटलं. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचंही ऐकायला हवंच. पण बेलीफ, म्हणजे समन्स पोचवणारा कोर्टाचा माणूस, दर वेळी "घरी नाहीत" एवढंच ऐकून परत यायचा. शेवटी न्यायाधीशांनी बजावलं, ही अखेरची मुदत. पुढच्या तारखेपर्यंत समन्स पोचलं नाही तर दावा काढून टाकू.

मग घर दाखवायला मी स्वतः बेलीफांबरोबर गेले. ऐन जेवणाची वेळ होती. जाऊबाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या.

"ह्ये कुरुंदवाडला गेल्यात. कवा येतील, म्हाईत न्हाय."

"बरं, निघतो मग," म्हणत बेलीफ कागद पिशवीत ठेवू लागले.

तेवढ्यात आतून भाऊजींचा आवाज गडगडला, "कोण पावणं हाईत गं? जेवायच्या टायमाला उपाशी घालवतीस व्हय? ताटं वाढ की!"

जाऊबाईंनी कपाळावर हात मारला. "आलं बघा कुरुंदवाडास्नं!"

भाऊजी खरकट्या हाताने बाहेर आले आणि मला बघून थबकले. "वहिनी, तुम्ही व्हय?"

"मीच. आधी समन्स घ्या, मग ताट वाढा."

"हाताला कालवण हाय."

"धुवा की, थांबतो आम्ही," बेलीफ म्हणाले.

हात धुऊन त्यांनी सही केली. बेलीफांनी नुसतं पाणी घेतलं. मी निघाले, तर भाऊजी आडवे आले. "भांडण कोर्टात. हितनं जेवल्याबिगर जायचं न्हाय." मी पोटभर जेवले.

तारखेला ते वकील घेऊन हजर राहिले. दोन्ही बाजू ऐकून कोर्टाने निकालापर्यंत वाट मोकळी ठेवायला सांगितलं. दावा अजून चालू आहे, चालू दे. परवा उसाची शेवटची ट्रॉली कारखान्याकडे गेली, आणि त्या दुपारी मी कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.