ड्रमला कान लावणारा मिस्त्री

वडिलांच्या जुन्या पिकअपचं मागचं चाक निलंग्याजवळ जाम झालं. ब्रेकचा ड्रम काही केल्या निघेना. रस्त्यालगतच्या मिस्त्रीनं कडेनं डिझेल सोडलं आणि छोट्या हातोडीनं टकटक करत ड्रमला कान लावला, जणू आत कुणी झोपलंय.

"मालक, डिझेल भिनू द्या. घाई करू नका. ह्या गाडीचा ड्रम आता कुठं मिळत न्हाई," असं बजावून तो जेवायला गेला.

समोरच्या चहाच्या टपरीवर पाच-सात जण बसले होते. प्रेक्षक दिसले की माझ्या अंगात नट शिरतो. मी बाह्या सरसावल्या, त्याचा घण उचलला.

"हाणा पैलवान!" टपरीवरून आवाज आला.

तिसऱ्या घावाला ड्रम तडकला.

मिस्त्री परतला. तडकलेला ड्रम त्यानं दोन्ही हातांनी अलगद ओढला, तसा तो निघूनच आला.

"सुटलाच होता की, मालक," एवढंच म्हणून तो तड्यावरून बोट फिरवत राहिला.

नांदेड-लातूर पालथं घातलं, पण दुसरा ड्रम मिळाला नाही. पिकअप भंगारात गेली. वडील अजून विचारतात, "गाडीला काय झालतं रे?"

ज्याचं नावही मी विचारलं नव्हतं, त्याच्याबद्दल दरवेळी सांगतो, "मिस्त्री अडाणी निघाला."