पायलटाचा वाटा

प्रितमला बोट लागायची. तारकर्लीत, गंगाराम तांडेलाच्या पोटी जन्मून बोट लागावी, म्हणजे भटजीच्या मुलाला होमाच्या धुरानं शिंका याव्यात तसलीच गत! सातव्या वर्षी पहिल्यांदा होडीत बसला आणि असा ओकला की बापाला जाळी न टाकताच परतावं लागलं. वाडीनं तो ओक पंचवीस वर्षं चघळला.

रापण, म्हणजे समुद्रात सोडलेलं लांबलचक जाळं, किनाऱ्यावरूनच ओढतात. जो दोरीला हात लावील त्याला माशांचा वाटा, मग तो कुणी का असेना. पण प्रितम दोरीजवळ गेला रे गेला की, "बाजूक व्हा रे, हेका ओकारी येतली!" म्हणून खिदळणं सुरू. शेवटी त्यानं जाणंच सोडलं. पोरगा मनातून कुढायचा. आपल्याला या माणसांनी आपल्यातलं म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

पुढे कुडाळच्या एका फोटोग्राफरकडे तो ड्रोन उडवायला शिकला, रीतसर परवाना काढला, लग्नाआधीच्या जोडप्यांचे व्हिडिओ काढू लागला. वाडीनं नाव ठेवलं, पायलट. तेही चेष्टेनंच, आणखी कसं?

मग परराज्यातले मोठे ट्रॉलर पार किनाऱ्याला येऊन मासळी खरवडून नेऊ लागले. गस्तीची बोट सुटली की हे आधीच पसार. एके सकाळी रापणीचा म्होरक्या सहदेव स्वतः प्रितमच्या खळ्यात येऊन बसला.

"झिला, तुझा ता पाखरू आमच्या कामाक येयत? लपानछपान त्येंचे नंबर टिपूक होये."

सहदेव आपल्या दारात! प्रितम हरखूनच गेला. रोज पहाटे सुरूच्या झाडांआड उभा राहून तो ड्रोन सोडू लागला. बाराव्या दिवशी ट्रॉलरचा नंबर स्पष्ट मिळाला. शेजारी एक होडीही दिसली. तिच्यात वाडीतलाच मितेश, ट्रॉलरवाल्यांकडून मासळीचे क्रेट उतरवून घेत होता. गस्तीची खबर कोण देतं, ते कळलं.

बायकोनं, नम्रतानं, पडद्यावर बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अवो, तेवढा कापा. तुमका ट्रॉलर पकडूक सांगल्यानी, मितेशाक न्हय."

"कापलंय तर मी वाडीचो कसलो?" प्रितम म्हणाला. एवढं इमान बघून तरी आपल्याला जवळ करतील, असा त्याचा हिशेब. शहाण्या बायकोचं ऐकावं माणसानं!

देवळाच्या सभामंडपात चादर बांधून व्हिडिओ दाखवला. मितेशची आई जानकी पुढच्याच रांगेत बसली होती. ती उठली, पदर सावरला आणि कुणाकडे न बघता घरी गेली. आठवड्यात ट्रॉलर पकडला गेला, मितेश होडी विकून गोव्याला गेला. सहदेवनं प्रितमची पाठ थोपटली.

पण त्यानंतर वाडी वर आभाळाकडे बघायला लागली. कुणी बंदीच्या दिवसांत जाळं टाकलेलं, कुणी खाडीतली वाळू उपसलेली, कुणी किनाऱ्यालगत विनापरवाना खोल्या बांधलेल्या. ड्रोनची घरघर ऐकू आली की बायासुद्धा घरात जात. "आज मितेश, उद्या आमी," असं तिठ्यावर बोलणं चाले आणि प्रितम आला की थांबे.

दिवाळीनंतर रापण लागली. मोठ्या हिमतीनं प्रितम दोरीशी गेला. माणसांनी चटकन सरकून त्याला जागा दिली. एरवी ओढताना शिव्या, थट्टा, एकमेकांच्या सासूचा उद्धार यांनी किनारा दणाणतो. त्या दिवशी चाळीस माणसं मुकाट ओढत होती. ओल्या वाळूत पाय सटकून प्रितम तोंडावर आपटला, नाकातोंडात वाळू, लुंगी सुटलेली.

चार हात धावले. त्याला उठवलं, अंग झटकलं, लुंगी हातात दिली. हसलं मात्र कुणीच नाही. प्रितमच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि फार लागलं का म्हणून सगळे त्याला अदबीनं विचारत राहिले.