रिकामा गाल

इब्ब शहरात दुपारचं जेवण आटोपलं की पुरुषमाणसं हाजी मुकबिलच्या दिवाणखान्यात जमतात, भिंतीला टेकतात आणि गाल फुगेपर्यंत क़ात चघळतात. विड्यातला कात नव्हे हो. हा झाडाचा कोवळा पाला, अंगात तरतरी आणणारा. व्यसन म्हणा हवं तर! पण हाजी घरं बांधायचे ठेके घेतो आणि कोणत्या गवंड्याला कोणतं काम, हे तिथेच ठरवतो. घरी बसणाऱ्याची आठवण कोण कशाला काढील?

मुसैद गवंड्याला डॉक्टरने छाती तपासून बजावलं, "पाला सोड, नाहीतर पोरं पोरकी होतील." मुसैदने सोडला. अंग मोडून यायचं, जीव कासावीस व्हायचा, पण सोडला. पंचाईत होती ती बैठकीची.

"गालात पुदिना भरा," बायको अरवा म्हणाली. "कोण बघतंय?"

"सोंग मला नाही जमायचं," म्हणून गडी पाण्याची बाटली घेऊन निघाला.

"काय रे, दात पडले का?" बैठकीत शेजारी बसलेला हमूद गवंडी खिदळला. "की बायकोने बंदी घातली?"

मुसैदही हसला. तेवढ्यात हाजीने आपल्या जुडीतली सगळ्यात कोवळी डहाळी त्याच्याकडे फेकली. केवढा मान! तो नाकारणं म्हणजे यजमानाचा अपमान. त्यात शाळेच्या इमारतीचं काम आजच द्यायचं होतं.

मुसैदने डहाळी कपाळाला लावली आणि हमूदच्या मांडीवर ठेवली. "हाजी, मी तुमच्यासाठी येतो, पाल्यासाठी नाही. डॉक्टर म्हणतो, हा माझा जीव घेईल. काम पाल्यालाच द्यायचं असेल तर द्या बापडे. मी उद्याही येणार, असाच."

पोटावर पाय येतोय हे दिसत असताना असं बोलायला काळीज लागतं!

हाजीने काम हमूदला दिलं. मुसैद उठून गेला नाही. "कोपरे नीट घे रे," असं हमूदला मोकळेपणाने म्हणाला. तो रोज येत राहिला, टोमणे खात राहिला. घरी अरवा डाळीत पाणी वाढवत होती.

मग एका दुपारी बैठक मोडली, लोक चपला शोधू लागले, तसं हाजीने मुसैदला बाही धरून मागे ओढलं.

"कामाचं उद्या बोलू," तो पुटपुटला. "आधी सांग, तुझ्या त्या डॉक्टरकडे गर्दी असते का? डाव्या बाजूला फार दिवस कळ येतेय रे. इथे कुणाला सांगणार?"

मुसैदने त्याचा हात घट्ट धरला. "आत्ताच चला," तो म्हणाला.