शाईखोलीतला चिमटा

मी छपाईच्या कारखान्यात होतो म्हटलं, की लोक पुस्तकांबद्दल विचारतात. मग मी वेफरच्या पिशव्या कशा छापतात ते सांगतो. मऊ रबरी प्लेटा, पाण्यासारखी पातळ शाई, सळसळत धावणारं प्लास्टिक. बोलणं शाईखोलीपाशी आलं की विषय बदलतो. इतकी वर्षं तेच केलं. पण माझ्या हातचा एक कागद फायलीत पडून आहे आणि तो खोटा आहे.

कारखान्यात सुरक्षेचं काम माझ्याकडे होतं. रसायनांबरोबर इंग्रजी माहितीपत्रकं यायची. त्यांवरून मी मराठी फलक तयार करायचो. ज्वलनबिंदू, बाष्पसंहती, स्थितिक विद्युत. अक्षर माझं सुरेख. लोक फलकाखाली डबे ठेवायचे.

शाईखोली सांभाळणारे गृहस्थ दिघीकडचे. आखातात छापखान्यात काम करून परतलेले, माझ्याच वयाचे. मी त्यांना भाई म्हणायचो. नव्या माणसांना तेच समजावायचे. "ही वाफ दिसत नाय. वर जात नाय, खाली बसते. भरतीचं पाणी चिखलावरून येतं ना, तशी सरकत येते. तुझ्या पायाशी कधी आली, कळायचं न्हाय." मग माझ्याकडे बघून म्हणायचे, "साहेब, तुमचा बोर्ड झकास हाय. आग लागली तर ती पण दोन मिनिटं थांबून वाचंल."

शाई पातळ करायला सॉल्व्हंट लागतं. ते पिंपातून बादलीत ओतताना, नुसत्या धारेमुळे वीज साठते. एक ठिणगी पुरते. म्हणून पिंप आणि बादली तारेनं जोडायची आणि ती तार भिंतीतल्या तांब्याच्या पट्टीला, म्हणजे जमिनीला. तारेच्या टोकाला चिमटा असतो. भाई आधी चिमटा लावायचे, एकदा खेचून बघायचे, बिस्मिल्ला म्हणायचे, मगच तोटी सोडायचे. हा क्रम चुकलेला मी एकदाही पाहिला नाही.

त्या दिवशी माल घेणाऱ्या कंपनीचा तपासनीस यायचा होता. नव्या मशीनची अशीच जमिनीची तार सकाळी तुटलेली आढळली आणि स्टोअरमध्ये दुसरी नव्हती. नवं मशीन दारातच, तपासनीस तिथे वाकून बघणार हे नक्की. मी शाईखोलीतली तार काढून त्या मशीनला लावली. शाईखोलीच्या चिमट्याला जुन्या तारेचा तुकडा जोडला आणि त्याचं दुसरं टोक पिंपामागे सारलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. शाईखोलीत तो दारातूनच चिमटा बघणार, पिंपामागे जाणार नाही, हे मला अनुभवानं ठाऊक होतं. भाई तेव्हा मशीनवर रंग जुळवत होते. त्यांना मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ओतायचंच बंद केलं असतं.

तपासनीसानं चिमटा पाहिला, कागदावर खूण केली आणि बारा वाजता गेला. पक्कड माझ्या खिशात होती. शाईखोली वीस पावलांवर. मला भूक लागली होती. म्हटलं, जेवून लावू.

थंडीचे दिवस होते, खारा वारा पडलेला, हवा कोरडी. दुसरी पोळी मोडत असताना आवाज आला. मोठा नव्हे. कुणीतरी ओली चादर झटकावी तसा.

मी पोचलो तेव्हा दोघांनी भाईंना बाहेर ओढलं होतं. हात कोपरापर्यंत आणि मान भाजली होती. आग पावडरच्या सिलिंडरनं विझवली होती. बादलीवरचा चिमटा धडपडीत निघून जमिनीवर पडला होता. गाडी भाईंना घेऊन फाटकाबाहेर गेली आणि सगळे फाटकापाशीच उभे राहिले. शाईखोलीत मी एकटा होतो. नव्या मशीनची तार काढून आणली, जागच्या जागी बसवली, तुकडा खिशात घातला. पावडर अजून हवेत होती. 

चौथ्या दिवशी जबाब घ्यायला इस्पितळात गेलो. भाई म्हणाले, "चिमटा लावला व्हता, साहेब. खेचून पण बघितला."

"भाई, तार तपासली सगळ्यांनी. शाबूत आहे. लावला असता तर भडका उडाला असता का?"

"अल्लाकसम, लावला व्हता."

"घाईत राहून गेलं असेल. होतं माणसाचं."

त्यांनी नजर छताकडे वळवली. मग हळूच म्हणाले, "राहून गेलं?" मला नव्हे, स्वतःलाच विचारलं. मी जबाबाचा कागद पुढे केला. त्यांच्या अंगठ्याला पट्टी होती, म्हणून सही त्यांच्या भावानं केली. अपघाताच्या अहवालात, मूळ कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: मानवी चूक.

निवृत्तीनंतर मी रेवदंड्याला राहायला आलो. आगरदांड्याहून जेटीनं, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीनं, खाडीपलीकडे गेलं की भाईंचं घर. एकदा गेलो. हातांची कातडी चकचकीत, ओढलेली. भावानं होडी घेतली होती, डिझेल भरायला, इंजिन बघायला विश्वासाचा माणूस हवा होता. भाई त्या कामावर गेले नाहीत. भाभी सांदण पुढे ठेवत म्हणाल्या, "गॅस पण पेटवत नाय हो. कडी लावतात न् तीनदा उठून बघतात. म्हणतात, माझ्या हाताचा भरवसा न्हाय."

भाई हसले. "खरंच हाय ते. साहेब, त्या टायमाला माझ्यापायी तुमची नोकरी गेली असती. माफ करा मला."

मी म्हटलं, "जाऊ द्या, भाई." आणि सांदण खाल्लं.

या हिवाळ्यात पुन्हा निघालो. जेटीवर कठड्याला धरून वाक्यं पाठ केली. लांबलचक होती, ती तोडून तोडून तीन उरली. अंगणात भाऊ खुर्च्या आवरत होता. भाईंना जाऊन वीस दिवस झाले होते. भाभी इद्दतीत, नवऱ्यामागे पाळायच्या चार महिने दहा दिवसांच्या एकांतात, आत. परक्या माणसाला भेटत नव्हत्या. मी भावापुढे बसलो, पाणी प्यायलो, उठलो.

हे सगळं लिहून मी भावाकडे पाठवतो आहे; इद्दत संपली की तो हा कागद भाभींना वाचून दाखवील. जेटीवर पाठ केलेली वाक्यं ही:

भाई, तुम्ही चिमटा लावला होता. तार मी काढली होती. मला माफ करा.