एक डाव सांगा, भाऊजी

"आधी हात, मंग बात!" दारात येताच वहिनी एवढंच म्हणायच्या. माझा 'जय भीम' पुरा होईस्तोवर बीपीचा पट्टा दंडावर आवळलेला असायचा.

वहिनी म्हणजे दुर्गजवळच्या कोहक्यातल्या माझ्या शेजाऱ्याची बायको आणि आमच्या गल्लीची मितानिन. छत्तीसगढीत मितानिन म्हणजे मैत्रीण. घरोघरी आरोग्याचं काम करणाऱ्या बाईला इथं तेच म्हणतात. तुमच्याही वस्तीत अशी एखादी असेल. डॉक्टरला आपण बिनधास्त थापा मारतो, पण तिच्यापुढे जीभ अडखळते. वहिनी तर सरळ वरण चाखून विचारायच्या, "आज मीठ सस्तं झालं का जी?"

मी गोळ्या विसरायचो.

"गेटपास कधी इसरता का?"

"नाही."

"मंग गोळी त्याच्याच कव्हरात!"

प्लांटच्या गेटवर पास काढला की गोळी दिसायचीच. माझं बीपी उतरलं ते असं.

अख्खी गल्ली त्यांचं ऐकायची, नवरा सोडून. तो आणि मी एकाच शिफ्टला, माझ्याच स्कूटरवर जायचो. "घरात बायको पाहिजे, डॉक्टरीन नाही," म्हणून तो त्यांना उडवून लावायचा. एक दिवस वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, त्यायचं डोकं लई दुखून राह्यलं. माह्यं नाही आयकत, तुमचं आयकते. एक डाव सांगा ना, बीपी तपासून घे म्हणा."

मी हो म्हटलं. रोज स्कूटरवर ठरवायचो, आज सांगू. पण तो मला "आले गोळीवाले साहेब" म्हणून चिडवायचा. वाटायचं, आणखी हसेल. भित्रा होतो मी, दुसरं काय! असे दोन महिने गेले.

एका सकाळी हॉर्न वाजवला, तर तो बाहेर आलाच नाही. बुटाची लेस बांधता बांधता कोसळला होता. मेंदूत रक्तस्राव. तिसऱ्या दिवशी गेला.

महिनाभराने वहिनी पट्टा घेऊन माझ्या दारात. "तुमचं तं राहूनच गेलं, भाऊजी." हात पुढे करताना मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

पुढे मुलीने त्यांना गोंदियाला नेलं. मी दुर्ग स्टेशनवर सोडायला गेलो. वहिनी डब्यात बसल्या आणि खिडकीशी माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, मी त्याला सांगितलंच नव्हतं. एकदाही नाही."

 त्या म्हणाल्या, "मले मालूम आहे जी. सांगतलं असतं तरी त्यायनं आयकलं नसतं."

गाडी हलली. वीस वर्षांत त्याने माझा एक शब्द खाली पडू दिला नव्हता. हे वहिनींना माझ्याहून जास्त माहीत होतं.