मोज्यातला चेंडू

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या भिंतीशी उभी राहून पोटरीला ताण देत होते. उजवा पाय मागे, टाच जमिनीला, तोंडानं श्वास मोजणं चालू. ‘काकू, आई गेली,’ एवढंच ती म्हणाली. मी ‘बरं’ म्हटलं. बरं काय त्यात... पण अशा वेळी तोंडातून काय निघेल ते आपल्या हातात नसतं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की डावा पाय राहिलाय, म्हणून त्यालाही ताण दिला, पुरते वीस श्वास. एका पायाला द्यायचा आणि दुसऱ्याला नाही, हे रत्नाताईंना चाललं नसतं. मग तिथेच फरशीवर बसले आणि रडले.

या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. रत्नाताई कुणी नावाजलेल्या बाई नव्हत्या. हडपसरला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये रोज सकाळी सात वाजता त्या आखडलेली माणसं मोकळी करायच्या. त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द बोलायचे, तेवढंच असतं तर ते शोकसभेत बोलून झालं होतं. माझं लिहिण्याचं कारण निराळं आहे. त्यांच्या मुलीनं मला एक साधा प्रश्न विचारला होता आणि मी तिला खोटं उत्तर दिलं होतं.

आमची ओळख माझ्या खांद्यामुळे झाली. मी जन्माची पेठेतली. विमा कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले, आणि भाचा म्हणाला म्हणून हडपसरच्या या फ्लॅटमध्ये राहायला आले, एकटीच. वर्षभरात उजवा खांदा धरला. आधी वरच्या फळीवरचा डबा लांब गेला, मग अंबाडा घालता येईना, मग पदर खांद्यावर टाकायचा तर डाव्या हातानं. डॉक्टर म्हणाले, खांदा गोठलाय, व्यायाम करा, वेळ लागेल. समोरच्या इमारतीत एक बाई व्यायाम घेतात असं कळलं. मी गेले, पण जाताना नाक वर करूनच गेले, हे कबूल करते. महापालिकेच्या दवाखान्यात व्यायामोपचार विभागात त्या मदतनीस होत्या. तीस वर्षं रोग्यांना धरून उभं करणं, पाय उचलणं, पट्टे बांधणं हे त्यांचं काम. मी पहिलाच प्रश्न विचारला, ‘तुमची डिग्री काय?’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘डिग्री नाही. डिग्रीवाल्यांच्या हाताखाली तीस वर्षं हात चालवलेत. तुमचा खांदा बघू का, का अर्ज करून येऊ?’ इतकं पेठेतलं उत्तर मला पेठेतसुद्धा कुणी दिलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी चहाला घरी नेलं. भिंतीवर बुद्धाची मोठी तसबीर, तिच्याखाली मुलीचा नर्सिंगच्या पदवीदानाचा फोटो. कप पुढे करताना थांबल्या आणि माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या, ‘आमच्याकडचा चालतो ना?’ प्रश्न हसत विचारला होता, पण तो त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारलेला नव्हता, हे मला समजलं. मी म्हटलं, ‘बिनसाखरेचा असेल तर चालतो.’ त्यांनी साखर घातली होती. तो कप स्वतः प्यायल्या, मला दुसरा करून दिला, आणि पुढची सहा वर्षं त्या घरातला बिनसाखरेचा चहा माझा ठरला.

शरीर समजावून सांगायची त्यांची पद्धत त्यांचीच. स्नायूंभोवती, सांध्यांभोवती, सगळ्या अंगात आतून एक पातळ चिवट आवरण असतं. डॉक्टर लोक त्याला फॅशिया म्हणतात. रत्नाताई अस्तर म्हणायच्या. ‘सुती अस्तर न भिजवता शिवलं की पहिल्या धुण्यात आटतं की नाही? मग वरचं कापड कितीही भारी असू दे, ब्लाउज काखेत ओढतो. तुमचं तसं झालंय. हात चांगला आहे, अस्तर आटलंय.’ हे अस्तर टाळूपासून तळपायापर्यंत एकच, त्यामुळे दुखतं एकीकडे आणि आवळलेलं असतं भलतीकडेच, असं त्या सांगत. त्याला झटके सोसत नाहीत. हळू ओढायचं, थांबायचं, श्वास सोडायचा. तासन्‌तास एका जागी बसायचं नाही. पाणी प्यायचं. आणि रोज करायचं. ‘रविवारी अस्तराला सुट्टी नसते, पेंडसेबाई,’ हे मी किमान शंभर वेळा ऐकलंय.

त्यांचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे नवऱ्याच्या जुन्या मोज्यात घातलेला टेनिसचा चेंडू. मोज्याचं तोंड खांद्यावरून हातात धरायचं, चेंडू पाठीवर सोडायचा, भिंतीला टेकायचं आणि गुडघे वाकवत हळूहळू खालीवर व्हायचं. जिथे गाठ लागेल तिथे थांबायचं. दहा-बारा माणसं ओळीनं भिंतीला पाठ लावून ‘आई गं’ करताहेत, हे दृश्य बाहेरच्याला वेडगळ वाटायचं. भिंतीवर तेलकट डाग पडले तेव्हा सेक्रेटरींनी पाटी लावली, ‘भिंतीला पाठ घासू नये. भिंत सोसायटीची आहे.’ दुसऱ्या दिवशी तिच्याखाली रत्नाताईंच्या वळणदार अक्षरातला कागद होता, ‘भिंत रंगवून मिळते. पाठ मिळत नाही.’ पुढच्या महिन्यात सेक्रेटरी कंबर धरून वर्गाला आले. त्यांना कुणी काही बोललं नाही. रत्नाताईंनी फक्त त्यांना बरोब्बर त्या पाटीखाली उभं केलं.

पण नव्या माणसाच्या हातात चेंडू देण्याआधी त्या त्याच्याकडून एक नियम मोठ्यानं म्हणून घेत. झोपेतून उठवणारं दुखणं चेंडूचं नाही. हललं तरी कमी न होणारं दुखणं चेंडूचं नाही. उगाच वजन उतरत असेल, बारीक ताप येत असेल, तर चेंडू खिळ्याला अडकवायचा आणि डॉक्टरकडे जायचं. शाळेतल्या प्रार्थनेसारखं आम्ही ते म्हणत असू. एका निवृत्त बसचालकांनी कंबर दुखते म्हणून चेंडू मागितला, तर त्यांना चार प्रश्न विचारून त्या म्हणाल्या, ‘काका, हा ठेवा खाली आणि रिक्षा पकडा.’ मुतखडा निघाला. तेव्हापासून त्या नियमाला आम्ही हसायचं बंद केलं.

सात-आठ महिन्यांनी माझा हात वरच्या फळीपर्यंत गेला. मी डबा काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला, आणि तसाच हातात घेऊन त्यांना दाखवायला समोरच्या इमारतीत गेले. त्यांनी झाकण उघडून बघितलं. म्हणाल्या, ‘रिकामा आणलात होय!’

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघी मोरावळ्यासाठी आवळे आणायला बसनं मंडईत गेलो होतो. आवळे तर हडपसरलाही मिळतात, पण मंडईशिवाय मला चैन पडत नाही आणि मला एकटीनं जाऊ दिलं तर त्यांना. परतताना बसथांब्यावर त्यांनी आवळ्यांची पिशवी माझ्याकडे दिली. ‘जरा धरा हो. पाठ धरलीय.’ सहा वर्षांत त्यांनी मला ओझं दिलं नव्हतं, नेहमी माझ्याच हातातलं काढून घ्यायच्या. मी पिशवी उजव्या हातात घेतली आणि मला काय वाटलं असेल? आनंद वाटला. माझा हात, तोच गोठलेला हात, आता रत्नाताईंची पिशवी उचलतोय! थेट हडपसर येईपर्यंत मी त्या हाताच्या कौतुकात होते. शेजारी त्या खिडकीच्या दांडीला धरून, डोळे मिटून बसल्या होत्या.

आठवड्याभरानं वर्ग संपल्यावर म्हणाल्या, ‘पाठीनं जाग येते हो पहाटे. कुशीवर वळता येत नाही.’ मी म्हटलं, ‘अस्तर आटलं असेल. उभ्या राहा भिंतीशी.’ आणि उभ्या राहिल्या त्या, शहाण्या मुलीसारख्या. मी चेंडू हातात घेऊन त्यांच्या पाठीवरून फिरवला, त्यांनी शिकवला तसाच, हळू, थांबत थांबत. ‘अजून जरा खाली... हं, तिथेच,’ असं त्या म्हणत राहिल्या. असं तीनदा झालं. ब्लाउज सैल झाला होता त्यांचा. ‘बारीक झालात, छान दिसताय,’ असंही मी म्हणून घेतलं.

तिसऱ्या वेळी मला नियम आठवला. आठवला नव्हता असं म्हणण्याची सोय मला नाही. झोपेतून उठवणारं दुखणं, उतरलेलं वजन, सगळं एकामागून एक ओठांपर्यंत आलं. आणि मी ते गिळलं. ज्यांनी नियम घातला त्यांनाच तो काय सांगायचा, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मला त्यांची पाठ दाबायला आवडत होतं. सहा वर्षं नुसतं घेत आलेल्या बाईला शेवटी काहीतरी देता येत होतं. आणि त्याच्याही खाली भीती होती. बोललं तर खरं होईल अशी.

पुढे एका सकाळी त्यांना अंथरुणातून उठता आलं नाही. तपासण्या झाल्या. आजार दुसरीकडे सुरू होऊन मणक्यांत उतरला होता. दोन महिने आधी कळलं असतं तर काय झालं असतं, यावर डॉक्टरांनी नुसते खांदे उडवले. कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित दुखणं तरी कमी सोसावं लागलं असतं... हे ‘कदाचित’ माझ्याबरोबर राहायला आलंय.

शेवटच्या भेटीत मी त्यांच्या पायथ्याशी बसून घोटे फिरवत होते. पाय गार होते. ‘वर्ग चालू आहे ना?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘मी घेते आहे, माझ्या मतीप्रमाणे.’ ‘मग बोंबच,’ म्हणाल्या, आणि हसल्या. मग जरा वेळानं म्हणाल्या, ‘नव्या माणसाकडून नियम म्हणून घेता ना?’ मी हो म्हटलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मीही घोटे फिरवत राहिले. तेव्हा क्षमा मागता आली असती. मी दहा वेळा उजवीकडून आणि दहा वेळा डावीकडून घोटा फिरवला आणि घरी आले.

त्या गेल्यावर आठवड्याभरानं, पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्यांच्या घरी पांढऱ्या कपड्यांत माणसं मावत नव्हती. वंदना झाली. मी सगळ्यांबरोबर खाली मांडी घालून बसले होते आणि संपल्यावर हात न टेकता उठले. सहा वर्षांपूर्वी मला दोघांनी उठवावं लागलं असतं. तेवढ्यात प्रज्ञा जवळ आली. ‘काकू, आई रोज तुमच्याबरोबर असायची. तुम्हाला कधी बोलली होती का, पाठीमुळे झोप लागत नाही म्हणून?’ ती परिचारिका आहे, रोज दुसऱ्यांची दुखणी लिहून घेते. डोळे सुजले होते तिचे. मी म्हणाले, ‘नाही गं. कधीच नाही.’ तिनं मान हलवली आणि पाणी द्यायला आत गेली.

त्यानंतर मी त्या घरी फिरकले नाही. गेल्या आठवड्यात हे सगळं लिहून काढलं आणि कागद घेऊनच तिच्याकडे गेले, कारण तोंडी बोलताना मी पुन्हा पळवाट काढली असती. तिनं न विचारता बिनसाखरेचा चहा केला. मी वाचलं. नियम गिळल्याचं वाचताना आवाज गेला, तेव्हा तिनं कागद माझ्या हातातून घेतला आणि पुढचं मनात वाचलं. ती ओरडेल याची मी वाट बघत होते. तिनं कागदाची घडी घातली.

मग म्हणाली, ‘मलाही सांगितलं होतं, काकू. माझी ड्यूटी लागोपाठ होती. मी म्हटलं, चेंडू फिरव, तूच सांगतेस ना सगळ्यांना. म्हणून तर तुम्हाला विचारलं त्या दिवशी. वाटलं, तुम्हालाही बोलली असेल तर... निदान मी एकटी नाही.’

आणि मी तिला म्हटलं होतं, नाही, कधीच नाही. मला वाटत होतं की मी स्वतःला वाचवलं. मी तिला, तेवढ्या पोरीला, चार आठवडे त्या घरात आईच्या दुखण्याबरोबर एकटीला कोंडून ठेवलं होतं. आम्ही दोघी खूप रडलो. तिनं मला माफ केलं का ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. कागद परत देताना फक्त म्हणाली, ‘द्या छापायला. माझंही घाला.’

रत्नाताईंचा चेंडू हॉलमध्येच आहे, पाटीशेजारच्या खिळ्याला. मोजा टाचेला विरलाय. वर्ग सातलाच भरतो, नियमही म्हटला जातो, फक्त त्यात मी एक भर घातली आहे. नियम म्हणून झाला की प्रत्येकानं शेजारच्याला विचारायचं, ‘झोप लागली का?’ आणि उत्तर ऐकेपर्यंत चेंडूला हात लावायचा नाही. काल प्रज्ञा पहिल्यांदाच वर्गाला आली, रात्रपाळी संपवून सरळ, गणवेशातच. सगळ्यांनी एकमेकांना विचारलं. मी समोर उभी असल्यामुळे मला विचारायला शेजारी कुणी नसतं, आणि हे इतके दिवस माझ्या पथ्यावर पडत होतं. प्रज्ञानं खिळ्यावरचा चेंडू काढला, माझ्यापाशी आली आणि सगळ्यांदेखत विचारलं, ‘काकू, तुम्हाला लागली का झोप?’

मी म्हटलं, ‘नाही.’

तिनं चेंडू परत खिळ्याला अडकवला आणि भिंतीला टेकून माझ्या शेजारी उभी राहिली.