एकतिसावा फोटो

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, लिफ्टचे मेकॅनिक. उभा जन्म इमारतींच्या अंधाऱ्या खड्ड्यांत, दोरांना ग्रीस लावण्यात गेला. नाकासमोर चालणारा माणूस, विडीसुद्धा ओढली नाही कधी. मी ताईला म्हणायचे, "एखादं व्यसन असतं तर बरं झालं असतं गं, निदान सुटण्याची आशा तरी असती." कारण निवृत्तीला पाच वर्षं राहिली असताना त्यांनी दुर्बीण आणली, आणि वर्षभरात तिच्यावर बसवायला डिजिटल कॅमेरा.

तारकागुच्छ हा शब्द मला त्यांनीच शिकवला. एकत्र जन्मलेल्या ताऱ्यांचा घोळका. "एका घरची भावंडं समज," म्हणायचे. कृत्तिकांचं तर वेडच. नुसत्या डोळ्यांना सहा-सात दिसतात, कॅमेऱ्यात शेकडो. पण एका फोटोत भागत नाही. दोन-दोन मिनिटांचे चाळीस काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक बसवायचे, तेव्हा कुठे बारीक तारे वर येतात. आकाश सरकतं तशी दुर्बीणही सरकवावी लागते. त्यासाठी एक छोटी मोटर त्यांनी स्वतः खटपट करून बसवली होती.

दुर्बीण परसातल्या कोब्यावर, आणि तो कोबा स्वयंपाकघराच्या फरशीला जोडून. आत कुणी धपकन पाय टाकला की बाहेर दुर्बीण थरथरायची आणि ठिपक्याच्या जागी रेघ उमटायची. म्हणून घरात कायदा: कॅमेरा चालू असेपर्यंत दिवा नाही, चालणं नाही, हाक नाही. चाळीस झाले की ते खिडकीच्या गजावर दोन टिचक्या मारत, मग उजेड. आणि त्या खिडकीचा काळा पडदा कुणी शिवला? मीच, दुसरं कोण! दुहेरी कापडाचा, काठाला वजन घालून. "मेव्हणीबाई, रात्रच शिवलीत की!" म्हणाले होते. आणि मी मूर्ख, फुलून गेले होते.

ताई अंधारात खुर्चीवर बसून खटके मोजायची. वायर आत घ्यायची म्हणून खिडकी पुरती लागत नसे. दर फोटोला खट्ट आवाज यायचा. मी एकदा चिडून विचारलं, "तुला काय मिळतं गं यात?"

"सोबत," ती म्हणाली. "तिकडे ते, इकडे मी. मोजते."

त्या दिवशी त्यांनी सातला सुरुवात केली. ताईची रक्त पातळ करायची गोळी आठची. तीस झाले म्हणजे आठ वाजले, हिशोब तिला पाठ. गोळी घ्यायला उठली, काळोखात स्टुलाला अडखळली आणि ओट्याच्या कडेवर डोकं आपटून खाली पडली. कंबर हलेना. पण शुद्धीवर होती. हाक मारली असती तर चार हातांवर नवरा होता.

नाही मारली. हॉस्पिटलात मला म्हणाली, "एकतिसावा चालू होता गं. पुढे नऊच राहिले होते. म्हटलं, होऊ देत त्यांचे." फरशीवर पडून तिने ते नऊ खटके मोजले. मग दोन टिचक्या आल्या, आणि तेव्हा तिने हाक मारली.

कपाळ माझं! यावर माणसाने काय बोलावं?

डॉक्टरांनी आम्हां दोघांना बाहेर घेऊन सांगितलं: डोक्याच्या आत रक्त साकळतंय, गोळ्यांमुळे थांबत नाही, आणि तिचं हृदय ऑपरेशन सोसणार नाही. थोडं आधी आणलं असतं तर कदाचित. आता फार तर एक-दोन दिवस. बोलतेय तोवर बोलून घ्या, पण जिवाला लागेल असं काही कानावर घालू नका.

मी तिचे कपडे आणायला घरी गेले. कॅमेरा अजून दुर्बिणीवरच होता, दवाने ओला. काढून आत आणला, पुसला, आणि मागचं बटण दाबत बसले. तीसपर्यंत सगळे तारे टपोरे. एकतिसाव्यात प्रत्येक ताऱ्याची वेडीवाकडी रेघ. खाली वेळ, आठ. बत्तिसावा पुन्हा स्वच्छ.

फोटो निघाला की तो क्षणभर मागच्या काचेवर दिसतो, हे त्यांनीच मला दाखवलं होतं. म्हणजे त्यांनी पाहिला होता.

हॉस्पिटलच्या जिन्यात त्यांना गाठलं. "भाऊजी, एकतिसावा हललाय."

"पाहिला होता," ते म्हणाले.

"आवाज?"

"आला." भिंतीला टेकून ते खाली पायरीवर बसले. "वाटलं, काहीतरी पाडलंन हातातून. मनात म्हटलं, संपू दे, मग आत जाऊन बोलतो तिला. रागावलो होतो मी तिच्यावर."

अठरा मिनिटं! गचांडी धरून हलवावं असं वाटलं त्या माणसाला. तोंडात आलेलं सगळं बोलणारच होते, तेवढ्यात नर्सने हाक मारली. पेशंट बोलावतेय म्हणाली.

ताईचा एक डोळा मिटत चालला होता. तिने मला नाही, त्यांना विचारलं, "अहो, फोटो खराब नाही ना झाला माझ्यामुळे? हलला का एखादा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हो म्हणाले असते तर तिला कळलं असतं की यांना तेव्हाच कळलं होतं. ताई वेडी होती, पण खुळी नव्हती. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"एकही नाही हलला," मी म्हणाले. "सगळे बघून आलेय मी. चाळीसच्या चाळीस स्वच्छ."

"बघा," ती त्यांना म्हणाली, आणि हसलीसुद्धा. "पडले, पण हळूच पडले."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

मी पडदा काढून आणला. कापायला घेते आणि तसाच ठेवून देते. भाऊजींनी दुर्बीण विकली. पण त्या कृत्तिकांचा फोटो मोठा करून खिडकीशेजारी लावलाय. खराब निघालेला वगळायचा असतो, ते त्यांनीच मला शिकवलं होतं. यात त्यांनी चाळीसही घातलेत. नीट पाहिलं तर प्रत्येक ताऱ्याला बारीकशी शेपटी आहे.

कुणी आलं-गेलं की विचारतं, "छान आहे हो, पण जरा हललाय का?"

"हो," ते म्हणतात. "हललाय. मी पाहिला होता."